एट्रुस्कन नाहीसे झाले नाहीत, रोमन झाले

प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लोकांचं नाव निघालं की 'गूढ' हा शब्द पाठोपाठ येतोच. ते कुठून आले कळत नाही, त्यांची भाषा कोणाला वाचता येत नाही, आणि मग एके दिवशी ते इतिहासातून गायब झाले, एवढं सांगून बहुतेक जण मोकळे होतात. यातली पहिली गोष्ट आता बरीचशी उलगडली आहे, दुसरी अर्धवट खरी आहे आणि तिसरी साफ खोटी. एट्रुस्कन गायब झाले नाहीत. एकेक शहर, एकेक घराणं करत ते रोमन होत गेले, आणि त्याला जवळजवळ चारशे वर्षं लागली. ही शहरं कोणाच्याही हाताखाली नव्हती, म्हणून ती श्रीमंत झाली. आणि कोणीच कोणाच्या हाताखाली नव्हतं, म्हणूनच रोमला त्यांना एकेकटं गाठता आलं. त्यांच्या उत्कर्षाची आणि ऱ्हासाची गोष्ट मला तरी अशी एकच वाटते.

इटलीच्या नकाशावर फ्लॉरेन्समधून जाणारी आर्नो नदी आणि रोममधून जाणारी टायबर नदी शोधा. या दोन नद्या आणि पश्चिमेचा टिऱ्हेनियन समुद्र यांच्यामधला पट्टा म्हणजे एट्रुरिया. आजचा टस्कनी, लात्सिओचा उत्तर भाग आणि उंब्रियाचा पश्चिमेकडचा तुकडा त्यात येतो. टस्कनी हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. ते स्वतःला मात्र 'रास्ना' म्हणवत. दक्षिण एट्रुरियाची जमीन ज्वालामुखीच्या राखेची आहे. तिथला दगड मऊ, कोरायला सोपा, आणि ओढ्यांनी कापून कापून त्याची तुटक पठारं झालेली. अशा पठारावर वस्ती केली की दोन-तीन बाजूंनी कडाच तटबंदीचं काम करतो, आणि खाली कड्यात थडगी कोरता येतात. एट्रुस्कनांची घरं लाकडा-मातीची होती, ती गेली. थडगी दगडात होती, ती राहिली. त्यामुळे त्यांच्या जगण्याबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं त्यांच्या मरणाच्या व्यवस्थेतून कळतं, हे पुढचं वाचताना लक्षात ठेवलेलं बरं.

ते आले कुठून?

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलेली कथा अशी. आजच्या तुर्कस्तानातल्या लिडिया देशात अठरा वर्षं दुष्काळ पडला. भूक विसरण्यासाठी लोकांनी फासे आणि चेंडूचे खेळ शोधून काढले. एक दिवस दिवसभर खेळायचं, दुसऱ्या दिवशी जेवायचं. एवढं करूनही भागेना तेव्हा राजाने चिठ्ठ्या टाकून अर्धी प्रजा आपल्या मुलाबरोबर, टिऱ्हेनसबरोबर, जहाजांतून बाहेर पाठवली आणि ती इटलीत येऊन राहिली. पुढे चारशे वर्षांनी हॅलिकार्नाससच्या डायोनिसियस या दुसऱ्या ग्रीक इतिहासकाराने याला साफ नकार दिला. लिडियन आणि एट्रुस्कन यांची ना भाषा जुळते ना देव, हे लोक इथलेच, असं त्याचं म्हणणं. हा वाद दोन हजार वर्षं चालला.

२०२१ साली ८२ प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इ.स.पू. ८०० ते इ.स. १००० या काळातले हे सांगाडे मध्य आणि दक्षिण इटलीतल्या १२ ठिकाणांहून घेतले होते. निष्कर्ष डायोनिसियसच्या बाजूने लागला. एट्रुस्कन हे शेजारच्या लॅटिन लोकांसारख्याच वंशपरंपरेचे होते, त्यांच्यात तुर्कस्तानाकडून नुकत्याच झालेल्या स्थलांतराची खूण नाही. पुरातत्त्वही हेच सांगत होतं. बोलोन्याजवळच्या विलानोवा गावात १८५३ मध्ये एक जुनी दफनभूमी सापडली. त्या संस्कृतीचं नाव विलानोवा पडलं आणि ती इ.स.पू. ९०० च्या सुमाराची. हे लोक मृतांची राख मातीच्या कलशात ठेवत. काही कलश चक्क झोपडीच्या आकाराचे, दार-छपरासकट. याच काळात विखुरलेल्या वाड्यावस्त्या सोडून लोक मोजक्या मोठ्या पठारांवर एकत्र आले, आणि पुढची एट्रुस्कन शहरं नेमकी त्याच जागांवर वाढली. मध्ये कोणी बाहेरून येऊन ठाण मांडल्याचं दिसत नाही.

एक गाठ मात्र शिल्लक राहते. रक्त शेजाऱ्यांचं, पण भाषा शेजाऱ्यांची नाही. लॅटिन, ग्रीक, संस्कृत, मराठी ज्या कुटुंबात मोडतात त्या इंडो-युरोपीय कुटुंबात एट्रुस्कन बसत नाही. तिचे दोनच नातेवाईक ठाऊक आहेत: आल्प्समधली रेटिक आणि एजियन समुद्रातल्या लेम्नोस बेटावर एका शिलालेखात सापडलेली भाषा. लेम्नोस तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जवळ, त्यामुळे हिरोडोटसचे पाठीराखे अजून हार मानत नाहीत.

लोखंडाचा पैसा

इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्यापूर्वीच ग्रीक व्यापारी नेपल्सच्या आखातातल्या इस्किया बेटावर येऊन राहिले. त्यांच्या दृष्टीने ही पश्चिमेची अगदी टोकाची वस्ती. इतक्या लांब येण्याचं मोठं कारण उत्तरेला होतं. एल्बा बेटावर लोखंडाचं उत्तम खनिज, आणि समोरच्या किनाऱ्यावरच्या डोंगरांत तांबं, शिसं, चांदी. त्या डोंगरांना इटालियन लोक आजही 'धातूंचे डोंगर' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. एल्बाचं खनिज होड्यांतून पोपुलोनियाला यायचं आणि तिथल्या भट्ट्यांत वितळायचं. शतकानुशतकं हे चाललं आणि बारात्ती उपसागराच्या काठी धातूच्या मळीचे असे ढीग साचले की जुनी थडगी त्याखाली गाडली गेली. त्या भट्ट्यांत निम्मं लोखंड मळीतच राहून जायचं. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मळी पुन्हा वितळवण्यासाठी उपसायला लागले, आणि थडगी वर आली.

लोखंडाच्या बदल्यात भूमध्य समुद्राचं सगळं वैभव एट्रुरियात उतरलं. हस्तिदंत, शहामृगाची कोरीव अंडी, फिनिशियन चांदीचे वाडगे, पूर्वेकडचे सिंह आणि ग्रिफिन (गरुडाच्या डोक्याचे काल्पनिक सिंह), द्राक्षाच्या दारूच्या मैफली. चेरवेतेरी या गावी (प्राचीन काएरे) १८३६ मध्ये न लुटलेलं एक थडगं सापडलं. इ.स.पू. सातव्या शतकाच्या मध्याचं. त्यातली सोन्याची छातीवर लावायची पिन आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. ती हातभर मोठी आहे, म्हणजे रोज वापरायची नव्हेच. डोळ्यांना जेमतेम दिसणारे सोन्याचे कण पत्र्यावर एकेक करून जोडायची एट्रुस्कन सोनारांची हातोटी नंतर युरोपात हरवली, आणि एकोणिसाव्या शतकातल्या इटालियन जवाहिऱ्यांनी ती परत मिळवण्यासाठी आयुष्यं घालवली.

ग्रीक मातीची भांडी तर त्यांनी इतकी विकत घेतली की आज जगातल्या संग्रहालयांत अखंड दिसणारी अथेन्सची भांडी बहुतांशी एट्रुस्कन थडग्यांतून आलेली आहेत. अठराव्या शतकात ती भांडी एट्रुस्कनांनीच घडवली असा समज होता, म्हणून जोसाया वेजवूडने १७६९ मध्ये इंग्लंडमध्ये आपला चिनीमातीचा कारखाना काढला तेव्हा त्याला एट्रुरिया नाव दिलं.

वाचता येतं, कळत नाही

त्याच ग्रीक व्यापाऱ्यांकडून इ.स.पू. ७०० च्या आसपास लिपी आली. मार्सिलियाना दाल्बेन्या इथे सापडलेली एक छोटी हस्तिदंती पाटी आहे. मधल्या खळग्यात मेण भरून त्यावर लिहायचं, आणि कडेला नमुन्यासाठी २६ अक्षरं उजवीकडून डावीकडे कोरलेली. त्यातली काही अक्षरं एट्रुस्कनांना कधीच लागली नाहीत, कारण त्यांच्या भाषेत ब, ड, ग आणि ओ हे उच्चारच नव्हते. मग ग्रीकांच्या तिसऱ्या अक्षराचा, 'ग'चा, उच्चार ते 'क' असा करू लागले. रोमनांनी लिपी एट्रुस्कनांकडून उचलली ती या बदलासकट, आणि नंतर स्वतःला 'ग' हवा झाला तेव्हा त्याच अक्षराला एक रेघ जोडून नवं अक्षर तयार केलं. इंग्रजी वर्णमालेत 'सी' तिसरा का आणि 'जी' इतका मागे का, याचं उत्तर एट्रुस्कनांच्या जिभेत आहे.

सिंधू लिपीच्या बाबतीत चिन्हांचा उच्चारच ठाऊक नाही. इथे अडचण निराळी आहे. एट्रुस्कन मजकूर कोणीही थोड्या सरावाने मोठ्याने वाचू शकतो, अर्थ लागत नाही. सुमारे १३,००० लेख सापडलेत, पण त्यातले बहुतेक थडग्यांवरचे: अमक्याचा मुलगा, तमकीचा मुलगा, इतक्या वर्षांचा होऊन वारला. फक्त दशक्रियेच्या पत्रिका वाचून एखादी भाषा शिकायची म्हटली तर जेवढी येईल तेवढी आली आहे. 'क्लान' म्हणजे मुलगा, 'सेक' मुलगी, 'पुइया' पत्नी, 'अविल' वर्ष. नातीगोती, पदं आणि देवांची नावं पक्की कळतात. कविता, भांडण, बाजारभाव यातलं काही नाही.

सगळ्यात लांब मजकूर सापडला तो इजिप्तच्या एका ममीवर. १८४८ मध्ये मिहाइलो बारिच या क्रोएशियन गृहस्थाने अलेक्झांड्रियात एक ममी विकत घेतली. ती पुढे झाग्रेबच्या संग्रहालयात गेली. तिला गुंडाळलेल्या कापडाच्या पट्ट्यांवर लिखाण होतं, आणि ते एट्रुस्कन आहे हे १८९१ च्या सुमारास याकोब क्राल याने ओळखलं. मुळात ते लिननच्या कापडावर लिहिलेलं एक पुस्तक होतं, कोणत्या दिवशी कोणत्या देवाला काय वाहायचं याचं पंचांग. इजिप्तमध्ये ते कसं पोचलं आणि कोणी फाडून पट्ट्या केल्या ते ती ममीच जाणे. सुमारे १,२०० शब्द त्यात वाचता येतात.

दुसरा मोठा आधार १९६४ मध्ये पिर्जी या बंदरावरच्या देवळात मिळाला: सोन्याचे तीन पत्रे, दोनांवर एट्रुस्कन आणि एकावर फिनिशियन. काएरेचा राजा थेफारिए वेलियानास याने देवीला केलेल्या अर्पणाचा तो लेख, इ.स.पू. ५०० च्या सुमाराचा. एकीकडे 'की अविल', दुसरीकडे फिनिशियनमध्ये 'तीन वर्षं', त्यामुळे 'की' म्हणजे तीन हे पक्कं झालं. आकड्यांचा असा हिशेब लावावा लागतो, कारण ज्या फाशांवर सहाही आकडे अक्षरांत लिहिलेले सापडले, त्यांवर कोणता शब्द चार आणि कोणता सहा यावर विद्वान अनेक दशकं भांडत होते.

नवऱ्याशेजारी बसलेली बायको

चेरवेतेरीला १८८१ मध्ये भाजलेल्या मातीचे चारशेच्या वर तुकडे सापडले. जोडल्यावर त्यातून एक जोडपं तयार झालं: पलंगावर टेकून जेवणाच्या मैफलीत बसलेले पती-पत्नी, त्याचा हात तिच्या खांद्यावर, दोघांच्या चेहऱ्यावर हसू. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे काम रोमच्या विला जुलिया संग्रहालयात आहे. ग्रीक माणसाला हे दृश्य धक्का देणारं होतं, कारण अथेन्समध्ये पुरुषांच्या मैफलीत घरंदाज बाई येत नसे. येत त्या नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या. इ.स.पू. चौथ्या शतकात थिओपोम्पस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने मग एट्रुस्कन बायकांबद्दल चवीने नाही नाही ते लिहिलं. या बायकांना स्वतःचं नाव असायचं, रामथा, लार्थिया, थानखविल. रोमन मुलीला तर बापाच्या कुळाचंच नाव स्त्रीलिंगी करून मिळायचं. एट्रुस्कन थडग्यांवर वडिलांबरोबर आईचंही नाव बऱ्याचदा कोरलेलं असतं. यावरून स्त्री-पुरुष समतेचं चित्र रंगवणं मात्र घाईचं होईल. ही सगळी थडगी धनिकांची आहेत, आणि त्यांच्या शेतात राबणाऱ्यांना पलंगही नव्हता आणि थडगंही नव्हतं.

रोमवर एट्रुस्कन राजे

इ.स.पू. सहावं शतक हा त्यांचा भर. दक्षिणेत नेपल्सजवळ कापुआ, उत्तरेत पो नदीच्या खोऱ्यात फेल्सिना म्हणजे आजचं बोलोन्या, एड्रियाटिकच्या काठी स्पिना, एवढा त्यांचा पसारा. मार्झाबोत्तो इथे काटकोनात आखलेले रस्ते आणि सांडपाण्याचे पाट आजही दिसतात. इ.स.पू. ५४० च्या सुमारास कॉर्सिकाजवळच्या समुद्रात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या बाजूने लढून त्यांनी ग्रीकांना त्या बेटावरून हुसकावलं.

आणि मधोमध रोम. टायबर नदी जिथे ओलांडता येते त्या जागी हे गाव, एट्रुरियातून कापुआकडे जाणाऱ्याला टाळता न येणारं. परंपरेनुसार इ.स.पू. ६१६ मध्ये तार्क्विनिया शहरातून आलेला एक महत्त्वाकांक्षी माणूस तिथे राजा झाला. त्याचे वडील डेमारॅटस हे कोरिंथहून आलेले ग्रीक, आई एट्रुस्कन, बायको तानाक्विल एट्रुस्कन उमरावाची मुलगी. या तार्क्विनांच्या राजवटीत दलदलीची जागा निचरा करून फोरमचा चौक झाला, मोठं गटार बांधलं गेलं, कॅपिटोल टेकडीवर ज्युपिटरचं देऊळ उभं राहिलं. त्यातली मूर्ती घडवायला वेई शहरातला शिल्पकार वुल्का याला बोलावलं होतं. दंडुक्यांच्या मोळीत कुऱ्हाड बांधलेलं सत्तेचं चिन्ह, अधिकाऱ्याची घडीची खुर्ची, विजयी सेनापतीची जांभळी वस्त्रं या गोष्टी एट्रुस्कनांकडून आल्या असं खुद्द रोमन लेखकच सांगतात. त्या मोळीला लॅटिनमध्ये 'फासेस' म्हणत, आणि मुसोलिनीने पुढे आपल्या पक्षासाठी तीच उचलली.

रोमन इतिहासात हे राजे असे शिस्तीत एकामागून एक येतात. पण वुल्चीच्या एका थडग्यातल्या भिंतीवर याच काळाची एट्रुस्कन आवृत्ती रंगवलेली आहे. १८५७ मध्ये अलेस्सांद्रो फ्रांस्वाने ते उघडलं. चित्रात काही योद्धे कैदेतल्या साथीदारांना सोडवताहेत आणि पहारेकऱ्यांना भोसकताहेत. प्रत्येकाचं नाव शेजारी लिहिलंय. मास्तार्ना नावाचा वीर काइलेस विबेन्नाचे दोर कापतोय, आणि एका बाजूला मारला जातोय तो 'रोमचा ग्नेयस तार्क्विन'. रोमन इतिहासकार लिव्हीच्या इतिहासात असा प्रसंग कुठेच नाही. आता दुसरं टोक पाहा. सम्राट क्लॉडियसने इ.स. ४८ मध्ये सेनेटसमोर केलेलं भाषण ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेलं लिऑन शहरात सापडलं आहे. त्यात तो सांगतो की रोमचा सहावा राजा सर्व्हियस टुल्लियस हा एट्रुस्कन ग्रंथांप्रमाणे विबेन्नाचा जिवलग मास्तार्नाच होता. म्हणजे राजघराण्याच्या सरळ वंशावळीमागे एट्रुस्कन टोळीनायकांची मारामारी आणि सत्तापालट होते. क्लॉडियसला हे ठाऊक असायचं कारण आहे. त्याची पहिली बायको एट्रुस्कन घराण्यातली, आणि त्याने एट्रुस्कनांचा इतिहास वीस खंडांत लिहिला होता. ते वीसही खंड हरवले. प्राचीन वाङ्मयातलं जे काही गेलं त्यात मला सगळ्यात चुटपुट याची लागते.

बारा शहरं, बारा वाटा

एट्रुरियात परंपरेने बारा मुख्य शहरं मानली जात: तार्क्विनिया, काएरे, वेई, वुल्ची, वोल्सिनी, क्लुसियम, पेरुजा, आरेत्सो, वोल्तेर्रा वगैरे. यादी काळानुसार थोडी बदलते. दरवर्षी सगळ्यांचे प्रतिनिधी वोल्टुम्ना देवाच्या ठाण्यावर जमत. हे ठाणं आजच्या ओर्वियेतोच्या पायथ्याशी असावं असं तिथल्या उत्खननावरून बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानतात. यात्रा, बाजार, खेळ आणि थोडं राजकारण असं त्या मेळ्याचं स्वरूप. एक सैन्य, एक खजिना, एक सेनापती असं तिथून कधी निघालं नाही. प्रत्येक शहराचं स्वतःचं बंदर, स्वतःचे ग्राहक, स्वतःचे तंटे. व्यापारासाठी ही रचना उत्तम होती, कारण एक शहर अडलं तरी दुसरं चालतं.

घसरण जमिनीवर आणि समुद्रावर दोन्हीकडे सुरू झाली. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये रोमने शेवटच्या तार्क्विनाला हाकललं, आणि दक्षिणेचा जमिनीवरचा रस्ता गेला. इ.स.पू. ४७४ मध्ये क्युमेजवळच्या समुद्रात सिसिलीतल्या सिराक्यूजचा राजा हिएरॉन याने एट्रुस्कन आरमार मोडलं. त्या लुटीतलं एक शिरस्त्राण त्याने ऑलिंपियाला झ्यूसच्या चरणी वाहिलं; ते हिएरॉनच्या नावासकट १८१७ मध्ये सापडलं आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इ.स.पू. ४२३ मध्ये कापुआ सॅम्नाइट या डोंगरी लोकांनी घेतलं. पुढच्या शतकात पोच्या खोऱ्यात आल्प्सपलीकडून आलेल्या गॉल टोळ्या पसरल्या आणि फेल्सिनाही गेलं. पंख असे छाटले गेल्यावर उरली ती मूळची बारा शहरं.

पहिला बळी वेई. हे शहर रोमपासून जेमतेम १६ किलोमीटरवर, आणि टायबरकाठच्या मिठागरांवरून दोघांचं जुनं वैर. रोमने वेढा घातला तो परंपरेनुसार दहा वर्षं चालला, आणि याच युद्धाच्या तोंडावर रोमन शिपायांना पहिल्यांदा पगार सुरू झाला असं लिव्ही म्हणतो. वेईने वोल्टुम्नाच्या मेळ्यात मदत मागितली, पण ती मिळाली नाही. लिव्हीने दिलेली कारणं वाचण्यासारखी आहेत. एक तर वेईने पुन्हा राजा नेमला होता, आणि तो राजा इतरांना नको होता, कारण पुजारीपदाच्या निवडणुकीत हरल्यावर त्याने भर यात्रेतून आपले कलावंत काढून नेऊन उत्सवाचा विचका केला होता. दुसरं, उत्तरेला गॉल येऊन ठेपले होते आणि प्रत्येकाला आपल्या दाराची काळजी. इ.स.पू. ३९६ मध्ये रोमन सेनापती कॅमिलसने वेई घेतलं, लोकांना गुलाम म्हणून विकलं आणि तिथली जूनो देवी रोमला नेली. मग ती जमीन रोमन नागरिकांत वाटली. ही वाटणी मला लढाईपेक्षा महत्त्वाची वाटते. जिंकलेल्या जमिनीवर शेतकरी बसवायचे, त्या शेतकऱ्यांतून पुढची फौज काढायची, हे रोमचं यंत्र इथून जोरात फिरू लागलं. एट्रुस्कन शहरांत असं यंत्र नव्हतं. तिथे मूठभर सरदार आणि त्यांची कुळं होती, आणि कुळांच्या हाती हत्यार द्यायला सरदार कचरत.

यानंतर प्रत्येक शहराने रोमशी आपापलं जमवलं. गॉल रोमवर चालून आले तेव्हा काएरेने रोमच्या वेस्टा देवीच्या कुमारिकांना आसरा दिला. तार्क्विनियाने उलट पवित्रा घेतला: इ.स.पू. ३५८ मध्ये पकडलेले ३०७ रोमन सैनिक देवाला बळी दिले, आणि चार वर्षांनी रोमने तार्क्विनियाचे ३५८ उमराव फोरममध्ये फटके मारून ठार केले. इ.स.पू. २९५ मध्ये एक संधी आली होती. सॅम्नाइट, गॉल, उंब्रियन आणि एट्रुस्कन असे चौघे एकत्र येऊन सेंटिनमला रोमविरुद्ध उभे राहणार होते. रोमन सेनापतींनी दुसरी एक तुकडी क्लुसियमची शेतं जाळायला पाठवली. बातमी आली आणि एट्रुस्कन आपली शिवारं वाचवायला निघून गेले. सेंटिनमची लढाई त्यांच्याशिवाय झाली आणि रोमने ती जिंकली.

शेवट वोल्सिनीत झाला, आणि तो सगळ्यात बोलका आहे. तिथल्या खालच्या वर्गाने सत्ता हातात घेतली होती. जुन्या सरदारांनी गुपचूप रोमला निरोप धाडला की आम्हाला सोडवा. रोम आलं. इ.स.पू. २६४ मध्ये शहर जमीनदोस्त झालं, उरलेल्यांना दूर बोल्सेनाच्या तळ्याकाठी नेऊन वसवलं, आणि २,००० पुतळे लुटून नेले. या लुटीसाठीच तर रोम आलं नव्हतं ना, असा टोमणा एका ग्रीक लेखकाने मारल्याचं रोमन लेखक प्लिनी सांगतो. विजयी सेनापती फ्लॅकसच्या अर्पणाचा लेख रोममध्ये सापडला आहे.

टोगा रोमन, अक्षरं एट्रुस्कन

पुढची दीडशे वर्षं फार गाजावाजा न होता गेली. शहरं नावापुरती स्वतंत्र, करार रोमशी, सरदार आपापल्या वाड्यात सुरक्षित. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने इ.स.पू. २१७ मध्ये एट्रुरियातल्याच ट्रासिमेनो तळ्याकाठी रोमन सैन्य कापून काढलं तरी एट्रुस्कन शहरं एकजुटीने उठली नाहीत. इ.स.पू. २०५ मध्ये रोमन सेनापती स्किपिओच्या आफ्रिका मोहिमेसाठी त्यांनी दिलेल्या मदतीची यादी लिव्हीकडे आहे: पोपुलोनियाने लोखंड, तार्क्विनियाने शिडांचं कापड, काएरेने धान्य, आरेत्सोने ढाली, शिरस्त्राणं आणि एकूण ५०,००० भाले. त्यांचा धंदा अजून जोरात होता, फक्त गिऱ्हाईक एकच उरलं होतं.

इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासचा एक ब्राँझचा पुतळा फ्लॉरेन्समध्ये आहे. भाषणाला हात उंचावलेला पुरुष, केस रोमन पद्धतीने कापलेले, अंगावर टोगा म्हणजे रोमन नागरिकाचं गुंडाळून घ्यायचं वस्त्र. टोग्याच्या काठावर नाव कोरलंय आउले मेतेली, एट्रुस्कन भाषेत आणि एट्रुस्कन लिपीत. इ.स.पू. ९० च्या सुमारास इटलीतल्या मित्रशहरांना रोमन नागरिकत्व मिळालं, आणि त्यानंतर लॅटिन न शिकण्यात काही फायदाच उरला नाही. घराण्याच्या थडग्यात आजोबांचा लेख एट्रुस्कन, मुलाचा दोन्ही भाषांत, नातवाचा लॅटिन, असा क्रम दिसतो. रोमच्या यादवीत सेनापती सुलाने विरोधी बाजू घेतलेल्या वोल्तेर्राला जवळजवळ दोन वर्षं वेढा घातला आणि एट्रुरियातल्या जमिनी आपल्या निवृत्त सैनिकांना वाटल्या. इ.स.पू. ४० मध्ये ऑक्टेव्हियनने (पुढचा सम्राट ऑगस्टस) पेरुजा उपासमारीने नमवलं आणि शहर जळालं. भाषेचे शेवटचे लेख याच पिढ्यांचे आहेत. पण माणसं तिथेच होती. ऑगस्टसचा विश्वासू आणि कवींचा आश्रयदाता मेसिनास आरेत्सोच्या एट्रुस्कन घराण्यातला. वोल्तेर्राचं काएकिना घराणं पुढे कित्येक शतकं रोमच्या सत्तेत दिसतं.

सान काश्यानो देई बान्यी या गावच्या गरम पाण्याच्या कुंडात २०२२ मध्ये वीसहून जास्त ब्राँझचे पुतळे चिखलातून निघाले, इ.स.पू. दुसऱ्या ते इ.स. पहिल्या शतकातले. बाहेर यादवी आणि वेढे चालू असताना इथे एट्रुस्कन आणि रोमन कुटुंबं एकाच देवस्थानाला नवस फेडत होती, कोणी एट्रुस्कनमध्ये लिहून, कोणी लॅटिनमध्ये.

भाषेनंतरही टिकली ती त्यांची शकुनविद्या. बळीच्या मेंढीचं यकृत वाचायचं, विजेची दिशा वाचायची. १८७७ मध्ये पियाचेन्झाजवळ नांगरताना ब्राँझचं यकृत सापडलं. त्यावर चाळीसेक खणांत देवांची नावं आणि कडेला सोळा भाग, कारण आकाशाचेही ते सोळाच भाग मानत. रोमन सेनेट संकटकाळी एट्रुरियातून हे जाणकार बोलावायचं. मार्चच्या इड्सपासून, म्हणजे १५ मार्चपासून, जपून राहा असं सीझरला सांगणारा स्पुरिन्ना त्यांतलाच. त्यांच्या शास्त्राप्रमाणे प्रत्येक राष्ट्राला ठरावीक युगं मिळतात आणि एट्रुस्कनांना दहा मिळाली होती. आपला शेवट ठरलेला आहे हे त्यांच्याच पुजाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं.

साम्राज्य ख्रिस्ती झाल्यावरही हे शकुन जाणणारे लोक होते. इ.स. ४०८ मध्ये गॉथांचा राजा अलारिक रोमला वेढा घालून बसला तेव्हा टस्कनीतून काही जण आले आणि म्हणाले, नार्निया गाव आम्ही विजा पाडून वाचवलं, रोमही वाचवू. नगरप्रमुख पोम्पेइयानसने बिशप इनोसंटला विचारलं. झोसिमस हा इतिहासकार सांगतो की गुपचूप करणार असाल तर करा, असं बिशपने कळवलं. टस्कनीचे लोक म्हणाले, विधी सेनेटच्या देखत कॅपिटोलवर उघडपणे झाले पाहिजेत, नाहीतर उपयोग नाही. तेवढं धाडस कोणालाच झालं नाही. त्यांना परत पाठवलं, आणि ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी आणि ३,००० पौंड मिरी देऊन अलारिकची समजूत काढली.